दंतमंजनाची डबी

सकाळी उठल्याबरोबर आपण दंतमंजनाची डबी हाती घेतो. तिचा इतिहास कधी मनात येतो का?

आमच्या आजीच्या काळी बाभळीची काडी, नाहीतर राखुंडी आणि मीठ, एवढ्यावर काम भागे. आजीला मात्र मशेरीची सवय. तंबाखू तव्यावर भाजून ती स्वतः कुटी. दात घट्ट राहतात म्हणे! शेवटी तोंडाच्या कर्करोगाने ती गेली. डॉक्टरांनी कारण सांगितले, ते मशेरीच.

त्यानंतर आईने घरात विको वज्रदंती आणली. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली परळच्या राहत्या घरी हा उद्योग मांडला. स्वयंपाकघर हाच कारखाना! विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, या नावाची आद्याक्षरे म्हणजे 'विको'. घरोघरी फिरून त्यांनी मंजन खपवले. पुढे आपल्या डोंबिवलीत त्यांचा कारखाना झाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालयही येथे आहे.

त्या मंजनात बाभूळ आहे, खैर, बकूळ, लवंग आहे. म्हणजे आजीची काडी डबीत आली, तंबाखू तेवढी बाहेर राहिली. कुणाच्या फळीवर अजून मशेरी असेल, तर तीही आजच बाहेर काढावी, एवढीच विनंती.