‘इन्सेप्शन’ आणि कल्पनारोपणाचा पूर्वेतिहास

ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘इन्सेप्शन’ हा चित्रपट जुलै २०१० मध्ये प्रदर्शित झाला. छायाचित्रण, ध्वनी व दृश्यपरिणाम या तांत्रिक विभागांत त्यास चार ऑस्कर पारितोषिके प्राप्त झाली. स्वप्न व अबोध मन हा त्याचा विषय असल्याने त्याचे विवेचन बहुधा फ्रॉईडच्या ‘स्वप्नमीमांसे’पासून आरंभ करण्याची प्रथा पडली आहे. ही प्रथा सोयीची असली तरी ऐतिहासिक दृष्ट्या ती तपासून पाहणे आवश्यक आहे. या चित्रपटातील मध्यवर्ती कल्पना, म्हणजे दुसऱ्याच्या मनात एखादा विचार असा रुजविणे की तो त्यास स्वतःचाच वाटावा, ही मनोविश्लेषणापूर्वीची आहे. किंबहुना तिचा त्याग करूनच मनोविश्लेषण उभे राहिले.

१८८९ मध्ये फ्रॉईड फ्रान्समधील नान्सी येथे इपोलित बर्नहाइम या वैद्याकडे गेले होते. संमोहनातील ‘सूचना’ हा बर्नहाइम यांच्या संशोधनाचा विषय होता. तेथे पाहिलेला एक प्रयोग फ्रॉईड यांनी पुढे अनेक वर्षांनी नमूद केला आहे. वैद्य रुग्णास संमोहित अवस्थेत सांगतो की, मी पुन्हा खोलीत येताच तू माझी छत्री उघडून माझ्या डोक्यावर धर. रुग्ण जागा होतो आणि वैद्य परतताच सांगितल्याप्रमाणे वागतो. कारण विचारल्यावर तो क्षणभर गोंधळतो, परंतु लगेच एक पटण्यासारखे कारण स्वतःच रचून सांगतो. आज्ञा बाहेरची, पण कारण मात्र स्वतःचे, हे या प्रयोगाचे मर्म होय. अबोध मनाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून फ्रॉईड यांनी हा प्रयोग स्वीकारला. उपचारपद्धती म्हणून मात्र त्यांनी सूचना बाजूस सारली. रुग्णाच्या मनात काही घालावयाचे नाही, तर तेथे जे दडलेले आहे ते बाहेर आणावयाचे, ही त्यांची भूमिका ठरली. ती भूमिका व्यवहारात किती पाळली गेली, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे.

मनोविश्लेषण आणि चित्रपट यांचा संबंध आला तोही याच भूमिकेतून. हॉलिवूडचे निर्माते सॅम्युअल गोल्डविन यांनी देऊ केलेले एक लाख डॉलर्स फ्रॉईड यांनी नाकारले, आणि १९२५ मध्ये बर्लिनच्या ‘उफा’ या संस्थेने योजिलेल्या चित्रपटासही त्यांनी संमती दिली नाही. आपल्या अमूर्त संकल्पनांचे समाधानकारक दृश्यरूप शक्य नाही, हा आक्षेप त्यांनी कार्ल अब्राहम यांना पत्राने कळविला होता. तरीही अब्राहम व हान्स झाक्स यांच्या सल्ल्याने जी. डब्ल्यू. पाब्स्ट यांचा ‘गेहाइमनिसे आइनर झेले’ (एका आत्म्याची रहस्ये) हा मूकपट १९२६ मध्ये पडद्यावर आला. सुरीची भीती बाळगणाऱ्या एका रसायनतज्ज्ञाचे स्वप्न त्यात चित्रित झाले असून त्याची उकल होताच रुग्ण बरा होतो. हिचकॉक यांच्या ‘स्पेलबाउंड’ (१९४५) मध्ये साल्वादोर दाली यांनी कल्पिलेले स्वप्नदृश्यही असेच एक कोडे आहे. दोन्हीकडे वैद्य स्वप्नाच्या बाहेर बसून ते वाचतो.

स्वप्नात प्रत्यक्ष शिरण्याची कल्पना रूढ होण्यास दुसरे एक क्षेत्र साहाय्यभूत ठरले. ते म्हणजे निद्रेची प्रयोगशाळा. १९५३ मध्ये शिकागो येथील असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी जलद नेत्रचलनाची निद्रावस्था दाखवून दिली. १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांना, आपण स्वप्नात आहोत हे जाणणाऱ्या निद्रिस्त व्यक्तीकडून नेत्रहालचालींद्वारे पूर्वनिश्चित खूण मिळाली. स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच सिद्ध केले. स्वप्न हे केवळ सकाळी आठवावयाचे वृत्त न राहता ज्याच्याशी संपर्क साधता येईल असे स्थळ झाले. अमेरिकेतील ‘ड्रीमस्केप’ (१९८४) आणि यासुताका त्सुत्सुई यांच्या कादंबरीवरून सातोशी कोन यांनी केलेला ‘पॅप्रिका’ (२००६) या चित्रपटांत पात्रे दुसऱ्याच्या स्वप्नात वावरतात, ती या पार्श्वभूमीवर. सजग स्वप्नांविषयीचे आपले कुतूहल तरुणपणापासूनचे असल्याचे नोलन यांनीही सांगितले आहे.

‘इन्सेप्शन’मधील स्वप्ने फ्रॉईडच्या अर्थाने स्वप्ने वाटत नाहीत, याचे कारण येथे सापडते. त्यांत संक्षेपण नाही, विस्थापन नाही, लज्जास्पद इच्छा तर जवळपास नाहीच. ती आराखडा आखून बांधलेली वास्तू आहे. लायोनेल व रॉजर पेनरोज या पितापुत्रांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेला अशक्य जिना त्यात आहे. हॉटेलच्या गुरुत्वहीन मार्गिकेतील मारामारीसाठी इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथे, जुन्या हवाईजहाजांच्या अवाढव्य शेडमध्ये, फिरती मार्गिका उभारण्यात आली होती. कालगणनेतही हाच हिशेबीपणा दिसतो. दहा तासांच्या विमानप्रवासात पहिल्या स्तरावर सुमारे आठवडा, दुसऱ्यावर सहा महिने, तिसऱ्यावर दहा वर्षे. प्रत्येक पायरीस सुमारे वीसपट. प्रयोगशाळेचा अनुभव वेगळा आहे. सजग स्वप्नातील मोजणीला जागेपणाइतकाच वेळ लागतो असे लाबर्ज यांस आढळले, आणि पुढील काही प्रयोगांत शारीरिक कृतींना उलट अधिकच वेळ लागला. अर्थात चित्रपटाकडून शरीरशास्त्राची अपेक्षा करणे रास्त नव्हे.

खरा प्रश्न कथानकाच्या गाभ्याशी आहे. सायतो हा उद्योगपती आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या वारसाने, रॉबर्ट फिशरने, वडिलोपार्जित साम्राज्य मोडीत काढावे यासाठी कॉब या स्वप्नचोरास नेमतो. निव्वळ आज्ञा टिकणार नाही, तिला भावनेचा आधार हवा, हे कॉबला ठाऊक आहे. म्हणून मरणासन्न पिता, बंद तिजोरी आणि तीत जपून ठेवलेली बालपणीची कागदी भिंगरी असा प्रसंग रचला जातो. आपण वडिलांसारखे व्हावे अशी त्यांची इच्छा नव्हती, असा फिशरचा समज होतो. तो रडतो आणि हलका होतो. पाब्स्टच्या रसायनतज्ज्ञाची आणि फिशरची अखेरची मुद्रा जवळजवळ सारखीच आहे. भेद इतकाच की पहिल्याला त्याचे स्वतःचे सत्य परत मिळाले, तर दुसऱ्याच्या हाती नान्सीची छत्री देण्यात आली, आणि ती का उघडली याचे कारण त्याने आपल्या पित्याच्या प्रेमात शोधले. मनोविश्लेषणाची भाषा येथे सूचनेच्या सेवेस लावली आहे. प्रेक्षकांची सहानुभूती मात्र अखेरपर्यंत चोरांकडेच राहते. शेवटी भोवरा पडतो की नाही यावर जितकी चर्चा झाली, तिच्या मानाने फिशरचे पुढे काय झाले याविषयी फारच थोडे लिहिले गेले, ही गोष्ट बोलकी आहे.

चित्रपटानंतरच्या दशकात हा विषय कल्पनेपुरता राहिला नाही. २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी, झोप लागण्याच्या क्षणी ध्वनिसूचना देणारे ‘डॉर्मिओ’ हे उपकरण वापरून, सहभागी व्यक्तींच्या स्वप्नांत ‘झाड’ हा विषय आणून दाखविला. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी व नेदरलँड्स येथील चार प्रयोगशाळांच्या संयुक्त अभ्यासात, एकूण छत्तीस सहभागींपैकी काहींनी स्वप्न चालू असतानाच साध्या वजाबाकीची उत्तरे नेत्रसंकेतांनी दिली. त्याच वर्षी मोल्सन कूर्स या मद्यकंपनीने आपल्या बिअरची स्वप्ने पडावीत अशी प्रकट जाहिरातमोहीम राबविली. जून २०२१ मध्ये सुमारे चाळीस निद्रा-संशोधकांनी एक अनावृत पत्र प्रसिद्ध करून स्वप्नांतील जाहिरातींवर कायद्याने नियंत्रण आणण्याची मागणी केली. स्वाक्षरी करणाऱ्यांत स्वप्नरोपणाचे तंत्र विकसित करणाऱ्या संशोधकांचाही समावेश होता.