ब्रेकची हवा आणि दुसरा माणूस



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संत, शाहीर आणि स्वातंत्र्ययुद्ध हे विषय शोभतात. तेथे मोटारीच्या ब्रेकमधली हवा काढण्याचा विषय घेऊन मी उभा राहिलो, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु इतिहास जसा तलवारीचा असतो, तसा पान्याचाही असतो. आणि पान्याचा इतिहास लिहिणारे थोडे, म्हणून तो सांगणे माझ्यासारख्या कामगार-कार्यकर्त्याकडे येते.

निमित्त असे झाले. आज पुष्कळांच्या दारात मोटार आहे आणि घरच्या घरी तिची देखभाल करण्याची हौसही आहे. अशा एका गृहस्थांनी मला विचारले, "ब्रेकची हवा एकट्याने काढायची आहे. बाजारात चार तऱ्हेची साधने मिळतात. कोणते घेऊ?" ह्याचे उत्तर एका वाक्यात देता आले असते. पण हे काम मुळात दोन माणसांचे. साधन घ्यायचे म्हणजे त्या दोहोंपैकी एकाला रजा द्यायची. तेव्हा तो दुसरा माणूस नेमके काय करीत होता हे आधी समजून घ्यावे, मगच त्याच्या जागी कोणाला बसवायचे ते ठरवावे.

प्रथम मूळ तत्त्व. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे फ्रान्समधील ब्लेझ पास्काल याने दाखविले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1663 साली प्रसिद्ध झाला. एक चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर दहा किलोचा जोर दिला, तर त्याच द्रवाला लागून असलेल्या पाच चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर पन्नास किलोचा जोर येतो. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. जोर पाचपट झाला की सरकण्याचे अंतर पाचव्या हिश्शावर येते. हा हिशेब लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

ह्या तत्त्वावर इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने 1795 साली द्रवदाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले. पण यंत्र चालेना, कारण दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी गळे. त्यावर कातड्याच्या वाटीसारखा एक पट्टा निघाला. दाब जितका वाढेल तितकी त्याची कड भिंतीला अधिक घट्ट चिकटे, म्हणजे गळतीला कारण होणारा दाबच गळती बंद करू लागला. ह्या युक्तीचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातील कारागीर हेन्री मॉडस्ले याला दिले जाते. ह्याच मॉडस्लेने आठवड्याला तीस शिलिंगांचा आपला पगार वाढवून मागितला. मालकाने नकार दिला. आणि 1797 साली त्याने नोकरी सोडून स्वतःचा कारखाना काढला. पुढे तो यंत्रविद्येतील थोर पुरुष ठरला. आपल्या मोटारीच्या ब्रेकमधील रबरी वाटी त्याच युक्तीवर काम करते. ब्रेकवर पाय ठेवताना एका पगारवाढ नाकारलेल्या कारागिराचे स्मरण करायला हरकत नाही.

मोटारी आल्या तेव्हा त्यांचे ब्रेक सळ्यांनी आणि तारांनी ओढले जात. चार चाकांवर सारखा ताण राखणे कठीण. एक चाक आधी धरे, दुसरे उशिरा, आणि गाडी एका अंगाला खेचली जाई. अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने द्रवाच्या ब्रेकचे पेटंट 1917 साली मिळविले. 1921 च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले, 1924 साली क्रायस्लरने ते सुधारून आपल्या गाडीत घातले. हेन्री फोर्ड मात्र सळ्या आणि तारांना चिकटून राहिला. फोर्डच्या गाड्यांत द्रवाचे ब्रेक आले ते 1939 च्या नमुन्यांत. त्या काळी नळीत एरंडेल तेल आणि मद्यार्क यांचे मिश्रण बराच काळ वापरीत. ज्या एरंडेलाने आपली पोटे साफ झाली, त्यानेच कधीकाळी मोटारी थांबविल्या!

द्रवाने चारही चाकांना समान न्याय दिला खरा, पण एक नवा शत्रू आणला. तो म्हणजे हवा. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. मघाचा हिशेब आठवा. पायाच्या एका दाबात मास्टर सिलिंडरमधून फारच थोडा द्रव पुढे सरकतो. त्या वाटेत हवेचे बुडबुडे असले, तर पायाचे अंतर ते बुडबुडे चेपण्यातच खर्ची पडते. पेडल स्पंजासारखे लागते, आणि चाकाशी जोर पोहोचतच नाही. म्हणून प्रत्येक चाकाशी एक छोटे पोकळ निपल ठेवतात. ते सैल करून द्रवाबरोबर हवा बाहेर घालवायची. इंग्रजांनी ह्या कामाला रक्त काढण्याचे नाव दिले. आपल्या गॅरेजांनी सरळ "हवा काढणे" म्हटले, आणि माझ्या मते आपलेच नाव अधिक अचूक आहे.

आता दुसरा माणूस. उस्ताद चाकाशी निजलेला, हातात पाना. सीटवर एक पोऱ्या. खालून हाक येते, "मार!" पोऱ्या पेडल चार-पाच वेळा मारतो. "धर!" तो दाबून धरतो. उस्ताद निपल सोडतो, फसफसत द्रव येतो, पेडल खाली जाते. उस्ताद निपल आवळतो आणि मग म्हणतो, "सोड!" हा क्रम एकदा जरी उलटला, निपल उघडे असताना पाय उचलला गेला, तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेले काम पाण्यात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बारा वर्षांचा असताना मी स्वतः असा पोऱ्या होतो. गॅरेजचे आणि गावाचे नाव घेत नाही. पेडलपर्यंत पाय पुरत नसे, म्हणून पाठीमागे गोणपाटाची गुंडाळी देत. एका संध्याकाळी, सकाळपासूनची चौथी गाडी असताना, माझी पोटरी थरथरू लागली आणि "सोड" येण्याआधी पाय सुटला. मी भीतीने बोललो नाही. गाडी मालकाला दिली गेली. उतारावर तिचे पेडल तळाला गेले आणि ती एका दगडी भिंतीला जाऊन धडकली. सुदैवाने माणूस वाचला. सगळ्यांनी मला दोषी ठरविले, आणि मीही स्वतःला कित्येक वर्षे दोषी मानीत होतो. पुढे युनियनच्या कामात अपघातांच्या चौकश्या पाहिल्या, तेव्हा एक प्रश्न सुचला, जो त्या दिवशी कोणीच विचारला नव्हता: गाडी दाराबाहेर जाण्यापूर्वी उस्तादाने स्वतः पेडलवर पाय का ठेवला नाही?

1986 साली बालमजुरीविरुद्ध कायदा झाला. मोटार-गॅरेजेही पुढे त्याच्या बंदीच्या यादीत आली. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना, घरच्या धंद्यातील मदत आणि कलाक्षेत्र असे अपवाद सोडून, सर्वच धंद्यांत कामाला ठेवण्यास मनाई झाली. ती सीट रिकामी व्हायलाच हवी होती. पण सीट रिकामी झाली म्हणून काम संपले नाही. पोऱ्या चार कामे करीत होता: दाब देणे, तो धरून ठेवणे, टाकीतला द्रव संपत आला की ओरडणे, आणि पेडल कडक लागते की मऊ हे सांगणे. आता बाजारातील साधने ह्या चार कामांवर घासून पाहू.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पारदर्शक रबरी नळी आणि बाटली. नळीचे एक टोक निपलावर घट्ट बसवायचे, दुसरे बाटलीतील ताज्या द्रवात बुडवायचे. पाय उचलला तरी नळीतून द्रवच परत येतो, हवा नव्हे. त्याहून थोडे महाग म्हणजे एकाच दिशेने वाट देणारी झडप असलेली नळी, किंवा आत स्प्रिंग आणि गोळी असलेले निपल. हे "धर" आणि "सोड" ह्या दोन हुकुमांचे काम करते. पाय मात्र आपलाच, आणि टाकीवर नजरही आपलीच. दर पाच-सहा वेळा पेडल मारल्यावर उठून टाकी पाहिली पाहिजे. शिवाय निपल सैल असताना त्याच्या आट्यांतून थोडी हवा शिरू शकते, म्हणून ते लागेल तेवढेच उघडावे. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत मारणे टाळावे. रोज जेथे रबरी वाटी जात नाही तेथे गंज आणि गाळ साचलेला असतो. वाटी त्यावरून घासली की कड फाटते, आणि हवा काढता काढता मास्टर सिलिंडरच बदलावा लागतो.

दुसरे साधन चाकाशी द्रव ओढून घेणारा हातपंप. ह्यात पेडलला पाय लावावाच लागत नाही. पण तो निपलाच्या आट्यांतूनही हवा ओढतो. नळीत बुडबुडे येतच राहतात, आणि ते आतले की बाहेरचे हे कळत नाही. साक्षीदार खोटे बोलू लागला की खटला कसा चालवायचा? आट्यांच्या बाहेरून थोडे ग्रीस लावले तर हे कमी होते. टाकीही तो भराभर रिकामी करतो.

तिसरे साधन वरून दाब देणारी टाकी. मास्टर सिलिंडरच्या झाकणाच्या जागी हिचे झाकण बसते, हातपंपाने दहा ते पंधरा पौंड दाब भरतात, आणि मग आपण शांतपणे एकेका चाकाशी जाऊन निपल उघडायचे. इंग्लंडातील घरगुती दुरुस्ती करणारे ह्यासाठी स्टेपनीतील हवा वीस पौंडांखाली आणून वापरतात. दाब देणे, धरणे आणि टाकी भरती ठेवणे ही तिन्ही कामे हे साधन करते. म्हणून एकट्या माणसाला माझी पसंती ह्यालाच आहे. अट एक: झाकण आपल्याच गाडीचे हवे. ते नीट बसले नाही तर द्रव बोनेटखाली उडतो आणि रंग खातो. तसे झाले तर लगेच पाण्याने धुवावे. वर्षा-दोन वर्षांतून एकदाच हे काम करणाऱ्याने मात्र झडपेच्या नळीवर समाधान मानावे.

ह्या सर्वांहून आधी घ्यायची वस्तू म्हणजे निपलाच्या मापाचा चांगला रिंग पाना, सहा कोनांचा असल्यास उत्तम. दोन तोंडांच्या उघड्या पान्याने गंजलेल्या निपलाचे कोन गेले, की पुढची सगळी साधने निरुपयोगी. आणि गाडी केवळ जॅकवर ठेवून कधीही खाली जाऊ नये. पक्का आधार द्यावा. एकट्या माणसाला ओढून काढायला दुसरा जवळ नसतो.

एक शब्द द्रवाविषयी. आपण त्याला "ब्रेक ऑइल" म्हणतो, आणि ह्या नावाने अनेकांना फसविले आहे. ते तेल नव्हे. त्यात खनिज तेल पडले तर रबरी वाट्या फुगून निकामी होतात. आजचे नेहमीचे द्रव हवेतील ओलावा शोषतात. डॉट 3 जातीच्या ताज्या द्रवाला किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळी येऊ नये, असा नियम आहे. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 ला हे आकडे 230 आणि 155 आहेत. लांब घाट सारखा ब्रेक दाबून उतरताना चाकाशी उष्णता साठते, पाण्याची वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवेचाच बुडबुडा. म्हणून डबा नवा, सीलबंद आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्याच जातीचा घ्यावा. चाकांचा क्रमही पुस्तकातच पाहावा. सर्वांत लांबचे चाक आधी हा जुना नियम सगळ्या नव्या गाड्यांना लागत नाही, कारण अमेरिकेत 1968 पासून सक्तीची झालेली दोन स्वतंत्र वाटांची रचना आता सर्वत्र आहे, आणि पुष्कळ गाड्यांत त्या वाटा तिरप्या जोडलेल्या असतात. चाक घसरू न देणारी एबीएस रचना 1978 साली जर्मनीत मर्सिडीज गाडीत आली, आणि आपल्याकडे 2019 पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली. तिच्या आत हवा शिरली तर बहुधा संगणकी यंत्राखेरीज ती निघत नाही. अशा वेळी गॅरेजची वाट धरावी. त्यात कमीपणा नाही.

आता राहिले चौथे काम, पेडल कसे लागते हे सांगण्याचे. सभ्यहो, हे काम करणारे साधन मी अजून कोणत्याही दुकानात पाहिलेले नाही. ते स्वतःच करावे लागते. चारही निपले आवळल्यावर, टाकी भरून झाकण लावल्यावर, सीटवर बसावे. पेडल घट्ट दाबून मिनिटभर धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर कोठेतरी गळती आहे. मग इंजिन चालू करावे; त्या वेळी पेडल किंचित खाली जाणे स्वाभाविक आहे, तळाला जाणे नव्हे. पुन्हा उतरून चारही चाके पाहावीत, ओल आहे का ते बोटाने तपासावे. त्यानंतर सपाट जागेवर, पावलांच्या वेगाने गाडी चालवून थांबवावी. एवढे झाले म्हणजेच काम झाले.

त्या संध्याकाळी उस्तादाने ही पाच मिनिटे दिली असती, तर एका पोराच्या थकलेल्या पायाची चूक गॅरेजच्या दारातच सापडली असती. साधने चांगली आहेत. ती घ्या, लेकरांना त्या सीटवर बसवू नका. परंतु दुसऱ्या माणसाला रजा दिली म्हणजे त्याची जबाबदारी आपल्या खात्यावर जमा होते, एवढे विसरू नका.