कै. भाई वैद्य : एक स्मरण

माजी आमदार व माजी गृहराज्यमंत्री कै. भालचंद्र सदाशिव तथा भाई वैद्य यांचा जन्म २२ जून १९२८ रोजी वेल्हे भागातील दापोडे या गावी झाला. कर्मभूमी मात्र पुणे शहर. देवळाच्या स्मरणिकेत समाजवादी पुढाऱ्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण देणगीच्या पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या गावाला हा माणूस ठाऊक असावा, असे मला वाटते.

शाळकरी वयात १९४२ ची चळवळ, पुढे १९५५ चा गोवा सत्याग्रह. १९७४-७५ साली ते पुण्याचे महापौर झाले. आणीबाणीत तुरुंगवास भोगला. १९७८ साली भवानी पेठेतून निवडून येऊन पुलोद मंत्रिमंडळात गृहराज्यमंत्री झाले.

त्या काळी पोलीस शिपाई अर्ध्या चड्डीत ड्युटी करीत. केस पिकलेला, लेकरांचा बाप झालेला माणूस चौकात उघड्या पोटऱ्यांनी उभा! भाईंनी त्यांना फुल पँट मिळवून दिली. बाब लहान, पण ज्याने सरकारी नोकरी केली त्याला तिचे मोल कळेल.

दुसरी हकिकत सर्वश्रुत आहे. एका तस्कराने त्यांना तीन लाख रुपये देऊ केले. त्या काळचे तीन लाख! भाईंनी पोलिसांना कळवून लाच देणाऱ्यास रंगेहाथ पकडून दिले. नुसते 'नको' म्हणणारे भेटतात. पकडून देणारा विरळा.

१९८० साली मंत्रिपद गेले, काम थांबले नाही. गरिबांच्या मुलांना समान व मोफत शिक्षण मिळावे म्हणून उतारवयातही ते सभा-मोर्चे करीत राहिले. २ एप्रिल २०१८ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.