नळदुर्गचा बंधारा आणि बोरी नदी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग किल्ला व त्याचा रणमंडळ हा उपदुर्ग यांच्यामधून बोरी नदी वाहते. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ मध्ये, हे पात्र दगडी बंधाऱ्याने अडविण्यात आले. बंधाऱ्याचा हेतू मूलतः लष्करी होता. अडविलेले पाणी खंदकाचे काम करी आणि बंधाऱ्याच्या माथ्यावरून रणमंडळाशी दळणवळण राही. तरीही त्याच्याच पोटात पाणीमहाल उभारला गेला. सांडव्यांतून कोसळणाऱ्या 'नर-मादी' या दोन धारा आत बसून, अंगावर थेंबही न पडता पाहता येतात. युद्धसज्जता आणि विलास यांचा असा संयोग दख्खनच्या दुर्गस्थापत्यात विरळाच.

मात्र हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे. शिवाय विसाव्या शतकात किल्ल्याच्या वरच्या अंगास बोरी धरण झाले. त्यामुळे तेथील साठ्यावर शेती, पाणीपुरवठा व मासेमारी अवलंबून आहे आणि ते धरण भरून वाहू लागले तरच नर-मादी पूर्ण वेगाने कोसळतात. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी सांडवे कोरडे राहतात. उरल्यासुरल्या डबक्यांत मासळी अडकते आणि बगळे तेथे गर्दी करतात. भरल्या वर्षी हेच पाणी पुढे अक्कलकोटकडे, भीमेच्या खोऱ्यात जाते.