तोदाइजी : राजाश्रय आणि लोकदान

जपानमधील नारा शहरातील तोदाइजी हे मंदिर सम्राट शोमु याच्या राजाश्रयाचे फलित मानले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे.

इ. स. ७३५ ते ७३७ या काळातील देवीची साथ आणि ७४० मधील फुजिवारा हिरोत्सुगु याचे बंड यांमुळे राज्य हादरले होते. या पार्श्वभूमीवर ७४३ मध्ये शोमुने वैरोचन बुद्धाची महामूर्ती घडविण्याचे आज्ञापत्र काढले. गवताची काडी वा मूठभर माती आणणाऱ्यालाही या कार्यात सहभागी करून घ्यावे आणि अधिकाऱ्यांनी त्यासाठी प्रजेला त्रास देऊ नये, असे त्यात नमूद होते. लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी सम्राटाला ग्योकी या भिक्षूची गरज भासली. गावोगाव फिरून उपदेश करणारा, पूल व तलाव बांधणारा हा तोच ग्योकी, ज्याच्यावर ७१७ मध्ये शासनाने निर्बंध घातले होते. ७४५ मध्ये त्याला भिक्षुसंघातील सर्वोच्च पद देण्यात आले. लोकमान्यतेपुढे राजसत्ता नमली, असेच येथे म्हणावे लागते. ७५२ मध्ये मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी भारतीय भिक्षू बोधिसेन याच्या हस्ते झाला. तो पाहण्यास ग्योकी हयात नव्हता. आज्ञापत्रातील आश्वासन मात्र कितपत पाळले गेले, याविषयी शंका उरते. ७५७ मधील कटाचा सूत्रधार ताचिबाना नारामारो याने मंदिराच्या बांधकामामुळे प्रजा हालात असल्याचे कारण पुढे केले होते.

११८० मध्ये ताइरा सैन्याने मंदिर जाळले. तेव्हा साठी ओलांडलेल्या चोगेन या भिक्षूने 'कान्जिन', म्हणजे धर्मकार्यासाठी दान गोळा करण्याची मोहीम, हाती घेतली. मिनामोतो योरितोमोसारख्या सत्ताधीशाचे साहाय्यही त्याने घेतले. ११९५ मध्ये महासभागृहाचे लोकार्पण झाले.

१५६७ च्या युद्धात ते पुन्हा भस्मसात झाले. तात्पुरते छतही १६१० च्या वादळात कोसळले आणि कित्येक दशके महाबुद्ध उन्हापावसात उघड्यावर बसून राहिला. १६८४ मध्ये कोकेइ या भिक्षूने शोगुन शासनाच्या परवानगीने पुन्हा कान्जिन सुरू केले. १६९२ मध्ये दुरुस्त मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले. सभागृहासाठी मात्र निधी व मोठे लाकूड दोन्ही अपुरे पडले, म्हणून मूळच्या अकरा खणांची रुंदी सात खणांवर आणावी लागली. १७०५ मध्ये कोकेइ मरण पावला, १७०९ मध्ये सभागृह पूर्ण झाले. आज उभे आहे ते हेच सात खणांचे सभागृह होय.