मोह आणि माल्ट

जिभेची आवड जन्मजात नसते. ती संगतीनें आणि सावकाश घडते. कारल्याची चव बालकास नकोशी असते, तीच प्रौढास हवीशी होते. 'सिंगल माल्ट' व्हिस्कीची गोष्टही अशीच आहे. एकाच कारखान्यांत, केवळ मोड आणून वाळविलेल्या जवापासून गाळलेल्या व्हिस्कीस हें नांव आहे. पहिल्या घोटास तिचा जाळ आणि क्वचित् धुराचा दर्प एवढेंच जाणवतें. परंतु वर्षानुवर्षें, थोडी थोडी, पाणी घालून, लक्षपूर्वक घेणाऱ्यास त्या धुराआड मध, सुकीं फळें, लाकूड यांचे वास निरनिराळे ओळखूं येतात; आणि सवयीची जागा प्रीति घेते.

जी गोष्ट एका माणसाची, तीच जगाची. १४९४ सालच्या स्कॉटलंडच्या राजदरबारी हिशेबांत जॉन कॉर नामक धर्मोपदेशकास मद्य गाळण्यासाठीं माल्ट दिल्याची नोंद आहे. पुढें कराच्या जाचामुळें डोंगरी भागांत चोरट्या भट्ट्या माजल्या. १८२३ च्या कायद्यानें कर हलका करून परवान्याची वाट मोकळी केली. दुसऱ्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनें परवाना घेतला, तेव्हां चोरटे शेजारी त्याच्या जिवावर उठले व त्यास पिस्तुलें बाळगावीं लागलीं. पण राजमान्यता मिळाली म्हणून मद्य उघडपणें पिंपांत मुरूं लागलें. तरीहि बरीचशी माल्ट मिश्रणांतच जिरत असे. ती एकटी परदेशांत खपविण्याचा नेटाचा उद्योग ग्लेनफिडिकनें १९६३ त आरंभिला.

हिंदुस्थानांत बेंगळूरच्या 'अमृत' कंपनीनें २००४ सालीं आपली सिंगल माल्ट प्रथम ग्लासगो येथें विक्रीस मांडली. २०१२ त गोव्याची 'पॉल जॉन' आली. स्कॉटलंडांत पिंपांतील मद्य वर्षास शेंकडा दोनच्या सुमारास उडून जातें. बेंगळूरच्या हवेंत तें शेंकडा दहाच्या घरांत जातें. मात्र त्याच उष्णतेनें तें लवकर मुरतें.

आतां अमरावती-अकोल्याकडे पाहिलें तर उत्तरेस गाविलगडाचे डोंगर व त्यांत मेळघाट आहे. तेथेंहि एक डोंगरी मद्य आहे. चैत्राच्या सुमारास मोहाचीं रसाळ फुलें पहांटे गळून पडतात. कोरकू स्त्रिया तीं वेंचतात व वाळवितात. तीं खाण्यासहि उपयोगी पडतात, आणि भिजवून आंबविल्यावर त्यांची दारू गाळतात. लग्नकार्यांत व पितरांच्या विधींत तिला मान असतो.

या मद्याच्या वांट्यास मात्र निराळा कायदा आला. मध्यप्रांताचा १९१५ चा अबकारी कायदा वऱ्हाडासहि लागू झाला आणि विनापरवाना भट्टी गुन्हा ठरली. १९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत दारूबंदीचा कायदा झाला. १९५६ त वऱ्हाड मुंबई राज्यांत गेल्यावर त्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आला. दारूनें गरिबांचीं घरें बुडविलीं हें खरें, आणि बंदीमागील तळमळहि खरी होती. परंतु जें मद्य पकडलें जाण्याच्या भीतीनें रातोरात गाळावयाचें व लगेच संपवावयाचें, तें मुरणार कधीं? आणि जें मुरत नाहीं, तें सावकाश चाखण्याची शिस्त तरी कोठून येणार?

मेळघाटाच्या पलीकडील मध्यप्रदेशानें २०२२ सालीं मोहाच्या मद्यास 'वारसा मद्य' म्हणून मान्यता दिली. स्कॉटलंडनें तोच मार्ग दोनशें वर्षांपूर्वी धरला होता. वऱ्हाडांतील एखादा शोकी गृहस्थ आज दूरच्या आयला बेटाचा धूर वासावरून ओळखतो. चिखलदऱ्याच्या वाटेवरील मोहाच्या फुलाचा वास त्यास ओळखतां येईलच असें नाहीं. दोष त्याच्या जिभेचा नव्हे. प्रीतीस काळ लागतो, आणि तो काळ एका डोंगरास मिळाला, दुसऱ्यास मिळाला नाहीं.