घोड्याच्या डोळ्यातील जंत

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून, श्रीगोंदा-कर्जतच्या कडेने भीमा वाहते. तिच्या खोऱ्यातील भीमथडी घोड्यांवर मराठ्यांची धावती फौज दौडली. रणात पडलेल्या घोड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. ठाणावर उभ्या घोड्याच्या डोळ्यात शिरणाऱ्या शत्रूविषयी मात्र फारसे नाही.

बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. घोडा आंधळा झाला तर शिलेदाराची पत आणि भाकरी दोन्ही जात.

हा विकार सहसा पावसाळ्यानंतर दिसे. डोळ्याला पाणी सुटे, उजेड सोसवेना. नीट पाहिले तर बाहुलीपुढच्या पाण्यात दोऱ्यासारखा पांढरा जंत जिवंत वळवळताना दिसे. वेळीच काढला नाही तर बुबुळ निळसर-पांढरे होऊन दृष्टी जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत इंग्रज डॉक्टरांनी या ‘हिंदुस्थानी’ विकाराची वर्णने छापली. उपचार एकच होता, नश्तर! घोड्याला दोरांनी जखडून आडवा पाडायचा, पापण्या फाकवायच्या आणि जंत समोर येईपर्यंत थांबायचे. मग पारदर्शक पटलाच्या कडेशी एक टोच. आतले पाणी उसळून बाहेर येई आणि त्याबरोबर जंतही. हात जरा खोल गेला तर डोळाच निकामी. पाणी पुन्हा भरून येते, जखम सांधते. तोवर घोडा अंधारात बांधायचा. डोळा बधिर करणारे कोकेन १८८४ मध्ये आले. त्याआधी सारा भरवसा दोरांवर आणि मोतद्दाराच्या मनगटावर!

पुढे अहमदनगर येथे लष्करी घोड्यांचा रिमाउंट डेपो होता. १८८६ मध्ये मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. नश्तर सुधारले, पण जंत येतो कोठून, हे कोडे राहिलेच.

उत्तर शेजारच्या दावणीला होते. सेटारिया नावाचा हा जंत मुळात गाईबैलांच्या पोटाच्या पोकळीत राहतो, बहुधा त्यांना काहीही त्रास न देता. त्याची सूक्ष्म पिले रक्तात फिरतात, डास ती उचलतात आणि घोड्याच्या अंगात सोडतात. घोडा हे त्यांचे घर नव्हे. वाट चुकलेली अळी कधी डोळ्यात शिरते, कधी मज्जारज्जूत. दुसऱ्या प्रकारात घोड्याचे मागचे पाय लुळे पडतात. त्या विकाराचे नाव ‘कुमरी’. तिचे मूळ या जंतात आहे, हे १९५०च्या सुमारास जपानी व ब्रिटिश संशोधकांच्या कामातून स्पष्ट झाले. म्हणजे नश्तर कारणाच्या शतकभर आधी पोहोचले होते.

आज आयव्हरमेक्टिनसारखी जंतनाशके आहेत. परंतु औषधाने मेलेला जंत डोळ्यातच राहिला तर दाह वाढतो. म्हणून पशुवैद्य अजूनही जंत शस्त्रक्रियेनेच बाहेर काढतात, फक्त घोडा आता भूल दिलेला असतो.